गुडघ्याच्या वाटीपासून सुरुवात करा

दोन अंकांपूर्वी याच मासिकात माझ्या छंदाबद्दल दोन पानं छापून आली. त्यात सांगितलं होतं ते एवढंच: जन्म पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतला, आयटीआयला पत्रेकाम शिकलो, पुढे इंग्लंडात लीड्सजवळ एअर कंडिशनिंगचे डक्ट बनवायच्या कारखान्यात नोकरी, आणि रविवारी परसातल्या शेडमध्ये पंधराव्या शतकातल्या युरोपी शिपायांसारखी चिलखतं ठोकायची. ती अंगावर चढवून आम्ही काही जण उन्हाळ्यात जुन्या लढाया पुन्हा उभ्या करतो. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही संपादकांनी माझ्याकडे पाठवली. त्यांना ही उत्तरं.

मी कोल्हापूरला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला शिरस्त्राण बनवायचं आहे. डोक्याचा घेर ५७ सेंमी आहे, म्हणून शिरस्त्राणाचा घेर ६० सेंमी धरून आकृती काढून सोबत जोडली आहे. जीआय पत्रा चालेल का? किती जाडीचा घेऊ?

आकृती सुबक आहे, पण हे शिरस्त्राण तुमच्या डोक्यात जायचं नाही. घेरात ३ सेंमी वाढवले म्हणजे डोक्याभोवती जागा किती झाली? तीनला दोन पायने, म्हणजे ६.२८ ने, भागा. जेमतेम अर्धा सेंमी. आत जाड अस्तर बसायला चारी बाजूंनी निदान अडीच सेंमी मोकळे हवेत, म्हणजे घेर ७२-७३ सेंमी. डोक्यावर बादली पालथी घातल्यासारखं दिसेल म्हणाल, तर दिसतंच.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, अजिबात नको. डक्टमध्ये माझा जन्म गेला तो याच पत्र्यात, म्हणून ठामपणे सांगतो. तो तापला की वरचं जस्त जळतं, तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. साधी एमएसची, म्हणजे कमी कार्बनच्या साध्या पोलादाची, सीआर (थंड लाटलेली) शीट घ्या. डोक्याला २ मिमी, छातीला दीड, हातापायांना १.२ पुरे. पण आधी हे ठरवा की कुठला खेळ खेळणार. १९६६ साली अमेरिकेत बर्कलीमधल्या एका परसात सुरू झालेली एक संस्था वेताच्या तलवारींनी खेळते, पण घाव मात्र पूर्ण जोराचे. त्यांचा नियम असा की तोंडासमोरच्या जाळीतून १ इंची दांडा आत शिरता कामा नये. दुसरा प्रकार बोथट पोलादी शस्त्रांनी खरोखर हाणामारी करण्याचा. त्यांची ‘राष्ट्रांची लढाई’ नावाची स्पर्धा २०१० मध्ये युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात पहिल्यांदा झाली. आमचा प्रकार तिसरा, म्हणजे शस्त्र पोलादी पण हात राखून. आम्हाला चालणारं शिरस्त्राण दुसऱ्या प्रकारात घालून उतरलात तर थेट दवाखान्यात जाल.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो. पहिलं शिरस्त्राण करायला घेऊच नका. गुडघ्याची वाटी करा. आपल्याकडे त्या हाडालाच वाटी म्हणतात, आणि चिलखतातला तो तुकडाही वाटीच असतो. बाभळीच्या ओंडक्यात वाटीएवढी खळगी कोरा, तिच्यावर पत्रा ठेवा आणि गोल तोंडाच्या हातोड्याने काठाकडून मध्याकडे फेर धरत ठोका. एक जागा धरून बसलात तर मधोमध पत्रा पातळ होतो, आणि नेमका तिथेच घाव बसायचा असतो. मग वर दोन आणि खाली दोन अरुंद पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक येतील अशा रिव्हेटवर (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यावर) फिरत्या बसवायच्या. पत्र्याला हात लावण्याआधी हे सगळं पुठ्ठ्याचं करून पायाला बांधा आणि उकिडवं बसून पाहा. पुठ्ठा जिथे दुमडला तिथे पत्रा रुतणार. माझ्या पहिल्या गुडघ्याला पुठ्ठ्याचे नऊ नमुने लागले, पत्र्याचा एक.

एक चूक माझ्यापासून शिका, फुकट आहे. आमच्या आळीत तांबं ठोकून कडक झालं की लाल करून पाण्यात बुडवायचे. ते मऊ पडलं की पुन्हा ठोकायचं. लहानपणापासून हे पाहिलेलं, त्यामुळे अंगवळणी पडलेलं. इथे पहिल्यांदा अर्धा टक्का कार्बनचं महागडं पोलाद आणलं, तीन रविवार ठोकून शिरस्त्राणाची डावी बाजू आकाराला आणली, कडक झाली म्हणून लाल केली आणि सवयीने पाण्यात घातली. पुढच्याच ठोक्याला काठापासून शेंड्यापर्यंत तडा गेला. तांब्याला जे मऊ करतं ते या पोलादाला काचेसारखं करतं. पोलाद मऊ करायचं तर तापवून राखेत किंवा कोरड्या वाळूत सावकाश निवू द्यायचं. पाणी द्यायचं, म्हणजे बुडवून कडक करायचं, ते अगदी शेवटी, तेही तेलात: लोहचुंबक चिकटायचा थांबतो त्याच्या थोडं वर तापवून तेलात बुडवायचं आणि मग हलक्या आचेवर निळी झाक येईपर्यंत पुन्हा तापवायचं. जुन्या काळी हे काम इन्सब्रुकच्या कारागिरांना फार छान साधलं होतं. तुमच्या साध्या एमएसला मात्र यातलं काहीच लागू नाही. त्यात कार्बनच इतका कमी की पाणी दिलं तरी फरक पडत नाही. नवशिक्याला तेच बरं.

शेवटचा हात मठारण्याचा. गुळगुळीत हातोडा, खाली गुळगुळीत ऐरण, आणि ठोक्यावर ठोका अर्धा चढवत जायचं. आळीत मठारकामाचे ठसे मुद्दाम ठेवतात, हंड्याची शोभाच ती. चिलखतावर ते घासून काढतात. मला ते काढवत नाहीत, आमच्या तुकडीतले त्यावरून मला हसतात. हसू देत. आणि कानात बोळे घाला, शेजाऱ्यांसाठी नव्हे, स्वतःसाठी. माझ्या काकांना साठीत दारावरची बेलसुद्धा ऐकू यायची नाही.

मुलगा शिकायला यॉर्कशायरमध्ये आहे. त्याने असल्या एका गटात नाव घातलंय. फोटो पाहून माझी झोप उडाली. हे सुरक्षित असतं का हो? (नाशिकची एक आई)

ताई, अगदी सुरक्षित आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण तुम्ही ज्याला घाबरताय ते होत नाही. तलवारींना धार नसते, टोकं गोल घासलेली असतात, तोंडावर खुपसणं बंद, आणि कोणी पडला की सगळे थांबतात. दुखापत होते ती बोटांना. माझी उजवी करंगळी दोनदा मोडली आहे आणि दोन्ही वेळा दोष माझ्याच दस्तान्याचा होता: बोटांवरचे पत्रे मी इतके सुटे ठेवले होते की घावाने बोट शस्त्राच्या दांड्यावर चेपलं गेलं.

तो राहतो तिथून टॉटनचं रणांगण फार लांब नसावं. २९ मार्च १४६१ ला तिथे बर्फात लढाई झाली. १९९६ साली एका बांधकामात त्यातल्या माणसांची दफनाची जागा सापडली. कवट्या पाहिल्या तर बऱ्याच जणांच्या डोक्यावर एकाहून जास्त घाव आहेत. शेवटच्या क्षणी त्यांच्या डोक्यावर काही नव्हतं असंच त्यावरून दिसतं. म्हणून फोनवर त्याला ‘हे सोड’ म्हणू नका, तो सोडणार नाही. विचारा: शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टी नवी आहे का? गळ्याला काय घालतोस? आणि पाणी पितोस का? जुलैच्या उन्हात जखमांपेक्षा जास्त लोक घेरी येऊन पडतात. आमच्यात पाणी घेऊन फिरणाऱ्या बायका-मुलींचा मान सरदारापेक्षा मोठा.

मी सोलापूरची. गोधड्या शिवते. तुमच्या फोटोत चिलखताखाली टाके घातलेला जाड अंगरखा दिसला. तो कसा शिवतात?

इतकी पत्रं आली, त्यात मुद्द्याला हात घातला तो तुम्ही. लोक पत्र्याकडे बघतात. पत्रा घाव अडवतो खरा, पण हादरा शोषतो तो हा अंगरखा. नुसत्या पत्र्यावर काठी बसली तर बरगडीला घंटा वाजल्यासारखं होतं.

पंधराव्या शतकातल्या फ्रान्सच्या राजाचा, अकराव्या लुईचा, शिपायांच्या अशाच जाड अंगरख्यांबद्दलचा हुकूम आहे. तीस पदर, नाहीतर निदान पंचवीस आणि वर हरणाचं कातडं. आणि पुढे काय म्हणतो? कापड वापरून मऊ झालेलं असावं, तेच उत्तम. हे वाचलं तेव्हा मी शेडमध्ये एकटाच हसलो. माझी आजी हेच सांगायची, नव्या लुगड्याची गोधडी अंगाला लागत नाही म्हणून. तीस पदरांचा अंगरखा नुसता घालूनही लोक लढत. चिलखताखालचा मात्र इतका जाड नको, नाहीतर हात वर होत नाही. मी जुन्या सुती चादरींचे आणि तागाचे मिळून सहा-सात पदर घेतो, खांद्यावर आणि छातीवर दोन जास्त. टाके तुमचेच, धावदोरा, फक्त उभ्या ओळींत आणि बोटभर अंतराने. काखेत मात्र कापड कमी आणि कळ्या (तिकोनी जोड) जास्त. काख नीट बेतली नाही तर पुढचं सगळं फुकट.

दुसरी गंमत बंदांची. पायांचं चिलखत कशावर लटकतं? या अंगरख्याच्या कमरेवर. तिथे छिद्रं पाडून, काजं करतात तशी दोऱ्याने भरून, त्यातून मेण लावलेल्या नाड्या ओवतात आणि मांडीचा पत्रा बांधतात. बाराबंदीचे बंद आठवा. म्हणून अंगरखा कमरेत घट्ट हवा, इतका की ओझं खांद्यावर न येता कमरेच्या हाडावर बसलं पाहिजे. माझा पहिला ढगळ होता. संध्याकाळी मान वळेना. तेव्हा सौभाग्यवतीने तो उसवून पुन्हा बेतला आणि मला सांगितलं, ‘तुम्ही लोहार आहात, शिंपी नाही.’ (तांबटाला लोहार म्हटलेलं आळीत कुणी खपवून घेतलं नसतं. मी घेतलं.)

डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. ठोकाठोक केली तर सोसायटी नोटीस देईल. माझ्यासाठी काही आहे का?

आहे. साखळीचं चिलखत विणा, पक्कड आणि धीर एवढंच लागतं. तार सळईवर स्प्रिंगसारखी गुंडाळायची, कापून कडी करायच्या आणि एका कडीत चार ओवत जायचं. अंगरख्याएवढ्या चिलखताला पंचवीस-तीस हजार कडी लागतात, वजन दहा किलोच्या आसपास. क्रिकेटची मॅच बघत विणता येतं. फक्त टोकं नुसती भिडवलेली कडी दाखवायला ठीक, मार बसला की उघडते. खऱ्या चिलखतात टोकं चपटी करून, भोक पाडून कडी रिव्हेट केलेली असायची. हे युरोपातही आणि आपल्याकडेही.

तुम्ही मराठी माणूस. परक्यांच्या राजांच्या लढाया कशाला लढता? आपला इतिहास कमी पडला का? (साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, प्रश्न रास्त आहे. घरातूनही येतो. खरं कारण अगदी साधं आहे. मी राहतो त्या देशात रणांगणं आहेत, आणि लढाई जिथे झाली तिथेच ती उभी करता येते. ट्यूक्सबरीला ४ मे १४७१ ला झालेली लढाई आम्ही दर जुलैत करतो. पळणाऱ्यांची कत्तल झाली त्या कुरणाला लोक अजून ‘रक्ताचं कुरण’ म्हणतात. मी तिथे हरणाऱ्या बाजूला असतो, कारण त्यांच्याकडे माणसं कमी पडतात.

आणि हा नाद मला लागला तो आपल्याच एका वस्तूमुळे. लीड्सच्या शाही शस्त्रसंग्रहालयात हत्तीचं चिलखत उभं आहे, हिंदुस्थानात १६०० च्या सुमारास घडवलेलं. आज त्याचं वजन ११८ किलो, आणि तेही काही भाग हरवलेले असताना. हजारो लोखंडी पत्रे साखळीच्या कड्यांनी जोडलेले. मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर गेलो होतो. मुलं हत्ती बघत होती, मी वाकून कडी बघत होतो. रखवालदाराने दोनदा मागे सरा म्हणून सांगितलं. त्याच रविवारी शेडमधला पसारा आवरून ऐरण बसवली.

मावळ्यांची लढाई डोंगरातली आणि धावपळीची. पायभर पत्रा चढवून सह्याद्री चढायला सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. आपल्याकडचं चिलखत करायचं तर ते वेगळं शास्त्र आहे, आणि ते साताऱ्यात बसून कुणी केलं तर मी कडी विणून द्यायला तयार आहे. चिलखताचं काय ते सोपं, तलवार मात्र करण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. नऊ इंचांहून लांब पात्याला शस्त्र कायदा लागू होऊ शकतो.

मालवणात लोखंड आठवड्यात गंजतं. काय करावं?

इथेही पाऊस काही कमी नाही. वापरून झालं की घाम पुसायचा, यंत्राचं पातळ तेल फडक्याने लावायचं आणि चिलखत बंद पेटीत न ठेवता हवेशीर टांगायचं. साखळीचं चिलखत पूर्वी वाळू भरलेल्या पिंपात घालून पिंप गडगडवत नेत, गंज आपोआप निघे. पोरं हाताशी असतील तर अजूनही चालतं.

मी सहावीत आहे. तुम्ही पडलात तर तुम्हाला उठता येतं का? आणि शू लागली तर काय करता?

अरे, येतं की! सगळं मिळून वीस-पंचवीस किलो, पण ते अंगभर वाटलेलं असतं. तुझं दप्तर एका खांद्यावर जास्त जड लागतं. शिपायांना यारीने, म्हणजे क्रेनने, उचलून घोड्यावर ठेवत ही थाप आहे. मी पन्नाशी ओलांडली आहे आणि या चिलखतात कोलांटीउडी मारतो. उठताना ‘आई गं’ म्हणतो ते गुडघ्यांमुळे, पत्र्यामुळे नव्हे.

दुसरा प्रश्न तू एकट्यानेच विचारलास, मोठ्यांना लाज वाटली असणार. मागची बाजू पत्र्याविना असते, कारण घोड्यावर बसायचं असतं. पण विजार अंगरख्याला नाड्यांनी बांधलेली, आणि पत्र्याचे हातमोजे घालून गाठ सुटत नाही, दुसऱ्याला हाक मारावी लागते. त्यामुळे लढाईच्या दिवशी सकाळी मी चहा घेत नाही.