पाटे शोरूमने वाढवले, फिटनेस माझा अडकला

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. येत्या दसऱ्याला दोन वर्षं होतील, सांगलीच्या एका शोरूममधून नवी पिकअप घेतली. पासिंगआधीच त्यांनी पुढे लोखंडी गार्ड आणि मागे स्प्रिंगचे जादा पाटे बसवून दिले. बिलात एकच ओळ : 'अ‍ॅक्सेसरीज'. आता फिटनेसला गाडी नापास झाली. मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय. शोरूमवाले म्हणतात, 'तुम्हीच मागितलं होतं.' जबाबदार कोण?

उत्तर : जबाबदारीचं नंतर बघू. आधी गार्ड आणि जादा पाटे काढा, गाडी पुन्हा दाखवा आणि फिटनेस हातात येईपर्यंत बेदाण्याचा एक बॉक्सही तिच्यात टाकू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 प्रमाणे फिटनेस नसलेलं मालवाहू वाहन वैध नोंदणीचं मानलंच जात नाही. त्यात अपघात झाला, तर विमा कंपनीला आयतं कोलीत मिळेल. काढण्याआधी मात्र सगळ्याचे फोटो घ्या. काढलेलं लोखंड भंगारात देऊ नका, तो तुमचा पुरावा आहे.

आता मूळ मुद्दा. पासिंगच्या कागदांत कंपनीचा फॉर्म 22 असतो. तो कारखान्यातून निघाली त्या गाडीची हमी देतो, शोरूमच्या मागच्या शेडमध्ये जे वेल्डिंग झालं त्याची नाही. अमेरिकेत पहिल्या विक्रीआधी असा बदल करणाऱ्याला गाडीवर स्वतःच्या नावाचं वेगळं लेबल लावावं लागतं. आरसे, चाकं-रिम, रंगकाम अशा किरकोळ गोष्टींना सूट, पण वजनाची मर्यादा बिघडली तर तीही नाही. आपल्याकडे असं लेबल नाही, कुणी काय बसवलं ते कागदावर दिसत नाही, म्हणून बिलातली ती एक ओळ तुम्हाला नडते. आणि पाट्यांनी पासिंगचं वजन वाढत नाही हो! कंपनीच्या प्लेटवरचा जीव्हीडब्ल्यू, म्हणजे गाडी आणि माल मिळून एकूण वजनाची मर्यादा, तोच राहतो, उलट जादा लोखंड तुमच्याच मालाच्या वजनातून कापलं जातं. गार्डबद्दल तर केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाईसाठी लिहिलं होतं.

नियमबाह्य बदल करून गाडी विकणाऱ्या डीलरला त्याच कायद्याच्या कलम 182अ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे 1 लाख दंड, किंवा दोन्ही. मालकाने बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000, किंवा दोन्ही. 'गार्ड बसवा' असं तुम्ही म्हणाला असाल, तर ते माझ्यापासून लपवू नका. पण काय चालतं नि काय नाही, हे सांगायचं काम गाडी विकणाऱ्याचं होतं, असंच मी ग्राहक आयोगापुढे मांडेन.

पैसे परत मागायला सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. 'मालवाहू म्हणजे धंद्याची गाडी, मग तुम्ही ग्राहक कसले' असं शोरूमवाले म्हणतील. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेली गाडी कायद्याने त्यातून वगळली आहे. पण तक्रारीची मुदत 2 वर्षं, आणि ती दसऱ्यालाच संपते असं शोरूमचा वकील म्हणणार. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही. तेव्हा बिल, डिलिव्हरीची पावती, नापास झाल्याचा शेरा आणि फोटो घेऊन दसऱ्याआधी तक्रार दाखल करा.