विद्यार्थी ‘भागधारक’ कसा?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या स्वयंमूल्यमापन अहवालाचा मराठी गोषवारा पालक-शिक्षक संघासाठी केला. त्यात ‘स्टेकहोल्डर’ला सगळीकडे ‘भागधारक’ लिहिले. सभेत एका पालकाने विचारले, “मग डिव्हिडंड कधी?” हशा पिकला. शब्द खरेच चुकला का? ‘हितधारक’ बरा का? (फोंडा)

उत्तर : चुकला, आणि नेमका उलटा चुकला.

मराठीत भागधारक म्हणजे शेअर घेतलेला माणूस. भाग पैसे मोजून मिळतो, दुसऱ्याच्या नावावर करता येतो आणि लाभांश जाहीर झाला की त्यावर भागधारकाचा हक्क असतो. विद्यार्थ्याचे तसे काय आहे? फी भरल्यावर पावती मिळते, भागपत्र नाही. दुसऱ्या वर्षाची जागा मित्राला विकता येत नाही. तेव्हा तुमच्या पालकांचा विनोद व्याकरणशुद्ध होता.

आता ‘उलटा’ का म्हटले ते. इंग्रजीत ‘स्टेक’ म्हणजे पैजेत लावलेली रक्कम, आणि अठराव्या शतकात ‘स्टेकहोल्डर’ म्हणजे दोघांनी लावलेले पैसे निकाल लागेपर्यंत सांभाळणारा तिऱ्हाईत. म्हणजे ज्याचे स्वतःचे काहीच पणाला लागलेले नाही असा माणूस! व्यवस्थापनशास्त्रात हा शब्द आला तो १९६३ साली, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या एका अंतर्गत टिपणातून. ज्यांच्या पाठिंब्यावाचून संस्था टिकणारच नाही असे गट, हा तिथला अर्थ. ‘स्टॉकहोल्डर’, म्हणजे आपला भागधारक, या शब्दाशी मुद्दाम यमक जुळवून तो योजला होता. कंपनीने फक्त भागधारकाकडे न पाहता कामगार, गिऱ्हाईक, पुरवठादार यांच्याकडेही पाहावे, हे त्यातून सांगायचे होते. १९८४ मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक एडवर्ड फ्रीमन यांनी त्याची व्याप्ती वाढवली : संस्थेच्या उद्दिष्टांवर ज्याचा परिणाम होतो किंवा ज्याच्यावर त्यांचा परिणाम होतो, असा कोणीही. थोडक्यात, जो शब्द भागधारकाला बाजूला सारण्यासाठी घडला, त्याचे मराठी आपण ‘भागधारक’ केले.

(गोवा विद्यापीठाचा कायदाही १९८४ चाच. विद्यापीठ सुरू झाले १९८५ च्या जूनमध्ये. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या कारभारावरच्या जॅरट समितीने कुलगुरूने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासारखेही काम पाहावे असे सुचवले. कंपनीची भाषा विद्यापीठांत शिरू लागली ती याच सुमारास. आपल्याकडे १९९४ मध्ये महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था स्थापन झाली आणि पुढे तिच्या तक्त्यांबरोबर हे शब्द महाविद्यालयांत रुळले.)

गोव्याच्या कानाला तर ही चूक जास्तच खुपायला हवी. कोमुनिदादीत, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत, गावकार वेगळा आणि शेअरवाला वेगळा. गावकाराला झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळते ती वंशाने गावचा म्हणून. शेअरवाल्याचा हक्क त्याच्या भागांपुरता. १९६१ च्या कोमुनिदाद संहितेतही हे दोन वर्ग निरनिराळे आहेत. विद्यार्थी गावकार नव्हे हे खरे, पण ‘आपले असणे’ आणि ‘भाग घेणे’ यांतला फरक इथे कुणाला समजावून सांगावा लागू नये.

आता पर्याय. ‘हितधारक’ हिंदी सरकारी कागदांतून आलेला आहे. समजतो, पण मराठीत हित ‘धारण’ करत नाहीत. हित साधतात, पाहतात, जपतात. ‘हितसंबंधी’ घडणीने चांगला, पण मराठीत ‘हितसंबंध’ बहुधा गुंतलेले असतात. वाचणाऱ्याला संशय येतो. धोरणावरच्या लेखात चालेल, पालकांच्या कागदात नको. ‘लाभार्थी’ सरकारी योजनेचा. ‘संबंधित घटक’ त्यातल्या त्यात निरुपद्रवी, फक्त ‘घटक महाविद्यालय’ या रूढ संज्ञेशी एकाच परिच्छेदात गाठ पडू देऊ नका.

‘ग्राहक’ मात्र कुठेच नको. गणपतीच्या स्तोत्राच्या फलश्रुतीत विद्यार्थ्याला विद्या आणि धनार्थ्याला धन मिळते. मागणारे दोन, मागण्या दोन. ग्राहकाला हवे ते मिळाले की व्यवहार पुरा होतो. विद्यार्थ्याला काय हवे असायला हवे, हेच शिकता शिकता बदलते. म्हणून ‘विद्यार्थी समाधान सर्वेक्षण’ हे नावही मला अडखळवते. नॅकच्या त्या प्रश्नावलीत २१ प्रश्न आहेत, शेवटचा मोकळ्या उत्तराचा, आणि बरेचसे अध्यापनाबद्दलचे. म्हणजे विचारले जाते ते अध्यापनाविषयीचे मत. ‘समाधान’ हे ग्राहकसेवेतून आलेले लेबल. पण ते अधिकृत नाव आहे, तुम्ही बदलू नका.

तुमच्या गोषवाऱ्यासाठी माझा सल्ला असा : एकच प्रतिशब्द शोधूच नका. मूळ तक्त्यात अभिप्राय कुणाचे आहेत ते लिहिलेले असते. विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी, नोकरी देणाऱ्या संस्था. तीच नावे लिहा. ‘नियोक्ते’ टाळा, निम्मे पालक तिथे अडतील. ‘भागधारकांच्या अभिप्रायावर आधारित अभ्यासक्रम समृद्धीकरण’ याऐवजी ‘विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणाऱ्या संस्था यांची मते घेऊन अभ्यासक्रमात केलेले बदल’.

असे सोपे लिहिले की एक अडचण लगेच दिसते, ती आधीच सांगतो. संलग्न महाविद्यालय अभ्यासक्रम स्वतः बदलू शकत नाही. ते काम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचे. तुमचे महाविद्यालय स्वायत्त असेल तर वाक्य वरच्यासारखेच राहू द्या. नसेल तर ‘केलेले बदल’ काढून ‘अभ्यास मंडळाकडे पाठवलेल्या सूचना’ लिहा, आणि पाठवलेल्या पत्राची तारीख पुढे घाला. तारीख सापडली नाही, तर ती ओळ गोषवाऱ्यातून गाळा.