ओळखीच्या माणसांकडे पैसे कसे मागू?

प्रश्न : वर्षभरापासून मी कुटुंबांचे फोटो काढते. सुरुवात शेजारच्या बाळापासून झाली, आता दर रविवारी कुणी ना कुणी बोलावतं. माणसं फार प्रेमानं वागतात, पुढे चार जणांना माझं नाव सांगतात. पण ओळखीच्यांकडे पैसे मागताना जीभ रेटत नाही. नोकरी सोडून हाच व्यवसाय करावा असं मनात आहे. आमच्या भागात आधीच दोन फोटोग्राफर आहेत. माझा निभाव लागेल का?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधी पैशांचं बोलू, कारण बाकीच्या बऱ्याच गाठी त्यातच अडकल्या आहेत. 'भीड भिकेची बहीण' हे मी फोटोग्राफीच्या पहिल्या दोन वर्षांत पुरेपूर अनुभवलं. जवळच्या एका घरचे फोटो मी फुकट काढले. फुकटचे म्हणून ते पैसे देणाऱ्यांच्या कामामागे सरकत राहिले. हातात पडायला तीन महिने लागले. त्या काकू एका शब्दानं बोलल्या नाहीत, पण त्यानंतर त्यांनी कधी बोलावलंही नाही. ते मला अजून लागतं. तेव्हापासून माझे दर एका कागदावर लिहिलेले असतात आणि सगळ्यांना तोच कागद दाखवते. किती वेळ, किती फोटो, किती दिवसांत, सगळं त्यात. कुणाला भेट म्हणून फोटो द्यायचे असतील तर जरूर द्या, पण तेही ठरल्या तारखेलाच. आणि एक ध्यानात घ्या, समोरच्यालाही संकोच असतो. 'हिला किती द्यायचे?' हे कळत नाही म्हणून माणसं बोलावणंच टाळतात.

फोटो मोबाईलवर पाठवून थांबू नका, छापून हातात द्या. 1854 मध्ये पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातल्या एकाच काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. फोटो स्वस्त झाले आणि लोक आपल्या छबीची कार्डं एकमेकांना देऊन अल्बम भरू लागले. मी प्रत्येक कामाबरोबर चार छोटे प्रिंट जास्तीचे देते, ते आजी-आजोबांकडे, मावशीकडे, आत्याकडे जातात. माझी बहुतेक नवी कामं त्या चार घरांतून आली आहेत. मोठा प्रिंट द्यायचा असेल तर पिक्सेलचा हिशोब आधीच करा. 8 बाय 10 इंचाला, इंचाला 300 पिक्सेल धरले तर 2400 बाय 3000 लागतात. फोटो नंतर फार कापलात तर तेवढे उरत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम. गेल्या महिन्यात एका घरी चार वर्षांचा मुलगा होता. कॅमेरा दिसला की आजोबांच्या पाठीमागे दडायचा. मी खोलीतले दिवे बंद करायला सांगितले, म्हणजे खिडकीच्या उजेडात पिवळा रंग मिसळत नाही, आणि जमिनीवर पालथी पडले. शटर 1/250 वर, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरतंच उघडणारं. 'आजोबांच्या कानात काय लपलंय, बघ बरं,' म्हटलं. त्यानं दोन बोटांनी त्यांचा कान ओढला, आजोबांनी डोळे घट्ट मिटले. तोच फोटो त्यांनी भिंतीवर लावला. सगळ्यांना ओळीत उभं करून काढलेला फोटोही मी घेतलाच. दोन रांगा होत्या म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड येण्याचं छिद्र, लहान करून एफ 8 केलं, नाहीतर मागची रांग धूसर येते. पण त्या भिंतीवर कान ओढणारा नातूच आहे.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र कुणाच्याही आग्रहाला बळी पडू नका. हातांवर हनुवटी टेकवून झोपलेल्या बाळाचा फोटो पालक हमखास मागतात. तो सहसा दोन फोटो जोडून बनवतात, प्रत्येक फोटोत कुणाचा तरी हात बाळाला आधार देत असतो आणि नंतर तो पुसला जातो. बाळाला तसं नुसतं सोडून कधीही काढायचा नाही. हे पालकांना आधीच समजावून सांगा. मुलांचे फोटो इतर कुणाला दाखवायचे असतील तर आईवडिलांची लेखी परवानगी घ्या. दोन मेमरी कार्डांवर एकदम साठवणारा कॅमेरा घ्या आणि घरी आल्यावर आणखी दोन ठिकाणी प्रती करून मगच कार्डं पुसा. माझं एकमेव कार्ड एकदा बिघडलं आणि एका पणजीबाईंसोबतचा सगळा दिवस गेला. तो पुन्हा काढता आला नाही.

राहिले ते दोन फोटोग्राफर. मी तापानं आडवी पडले होते तेव्हा जवळच्याच एकानं माझं ठरलेलं काम केलं, आणि पुढचं काम मागायला आलेल्या त्या घराला माझ्याकडेच परत पाठवलं. मोठ्या समारंभांची विचारणा आली की मी त्याचं नाव देते, ते काम मला झेपत नाही. नोकरी इतक्यात सोडू नका. आधी सहा महिने दर लावून रविवार भरतात का ते बघा. आणि त्या दोघांपैकी एकाला याच आठवड्यात जाऊन भेटा. त्याच्या समारंभात दुसरा कॅमेरा धरायला कुणी हवं आहे का, एवढंच विचारा.