मायग्रेशन बघायला जायचंय? आधी महिना ठरवा

मायग्रेशन म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या विल्डबीस्टच्या (गाईसारखे दिसणारे, शिंगवाले जंगली प्राणी) कळपांचं स्थलांतर. ते वर्षभर फिरतच असतात, त्यामुळे नेमकं काय बघायचंय ते ठरवल्याशिवाय तिकीट काढू नका. नदी ओलांडताना बघायचेत तर जुलै ते ऑक्टोबर, मारा नदीजवळ, म्हणजे केनियात मसाई मारा अभयारण्य नाहीतर टांझानियात सेरेंगेटी पार्कचं उत्तर टोक. पिल्लं बघायची तर फेब्रुवारी, सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्दुटू भागात, जन्मल्यावर काही मिनिटांत पिल्लू लटपटत उभं राहतं, खरंच डोळ्यांत पाणी येतं.

नवीन लोकांची मोठी चूक म्हणजे दोन दोन रात्रींत चार पार्क, अर्धी ट्रिप गाडीतच जाते. एकाच ठिकाणी निदान ४ रात्री राहा, कारण कळप काठावर तासन्‌तास थांबून मागे पण फिरतो. आणि ड्रायव्हरला गाडी पुढे घ्या म्हणू नका, वाट अडली की कळप बिचकतो. लेन्सचं नंतर बघू, आधी चांगली दुर्बीण घ्या.