खांदा दुखतोय, कारण हात सरकत नाहीयेत

तुम्ही लिहिलंय की कोबेला आल्यावर नागिनाता (लांब दांड्याला पातं असलेलं जपानी हत्यार) शिकायला सुरू करून दोन महिने झाले, शाळेत लाठी खेळल्यामुळे सोपं जाईल असं वाटलं होतं आणि आता उजवा खांदा धरलाय. बोगु, म्हणजे चिलखत, कधी घ्यायचं आणि एखादी जुनी शैली शिकावी का, हेही विचारलंय. मी अकरा वर्षं ओसाकात हेच करतेय.

खांद्याचं दुखणं लाठीच्या सवयीचं दिसतंय. लाठी हातात कशीही वळली तरी चालतं, तिला धार नसते. नागिनाताला असते. सरावाचं हत्यार २१० ते २२५ सेंटिमीटर लांब, ओकचा दांडा आणि पुढे बांबूच्या दोन पट्ट्यांचं पातं. दांडा एकदा नीट चाचपून बघा. तो गोल नाही, लंबगोल आहे, म्हणजे धार कुठल्या बाजूला आहे हे न बघता तळव्याला कळतं. मूठ आवळली की ते कळणं बंद, आणि दोन मीटरचं लाकूड मग खांद्याने ओढावं लागतं.

यावर उपाय म्हणजे मोचिकाए, हातांची अदलाबदल. डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवून चूदानमध्ये, म्हणजे मधल्या पवित्र्यात, उभ्या राहा. पातं वर घेत दांडा अंगालगत उभा करा, तिथे वरचा-खालचा हात बदला आणि पाऊल टाकून दुसऱ्या बाजूने वार करा. बदलताना बोटं सैल हवीत. दांड्यावरून तळवा सरकल्याचा 'सर्र' आवाज आला पाहिजे. माझ्या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, पाठ करून उभ्या राहतात आणि नुसत्या आवाजावरून चूक सांगतात! आठवडाभर जोर न लावता एवढंच करा, दोन्ही बाजूंनी सारखं. पावसाळ्यात, त्सुयूत, घामाने दांडा चिकटतो. कोरड्या फडक्याने पुसत राहा. रात्री झोपेतही खांदा ठणकत असेल तर मात्र सराव थांबवून आधी डॉक्टर गाठा.

बोगु आत्ता नको. घ्याल तेव्हा केंदोचे (जपानी तलवारबाजीचे) जुने हातमोजे स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका. मी उचलले होते, पैसे पाण्यात. नागिनाताच्या मोज्यात तर्जनी वेगळी असते, तिच्यामुळेच हात सरकवता येतो. शिवाय इथे नडगीवरही वार होतो, त्यामुळे नडगीचं कवच लागतंच. केंदोवाले आपल्याशी खेळायला येतात तेव्हा त्यांनाही ते बांधावं लागतं. (पहिल्यांदा बांधणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.)

जुन्या शैलीचं म्हणाल तर तुम्ही मोक्याच्या जागी राहताय. १९५५ साली स्थापन झालेल्या अखिल जपान नागिनाता महासंघाचं मुख्यालय तुमच्याच ह्योगो प्रांतात, इतामीला आहे. तिथेच साके बनवणाऱ्या कोनिशी घराण्याने १७८६ साली सुरू केलेला शूबुकान दोजो, म्हणजे सरावाची शाळा, आहे, आणि तेंदो-र्यू ही जुनी शैली तिथे शिकवतात. जाऊन बघा जरूर. पण नाव घालायच्या आधी सध्याच्या सेन्सेईंना विचारा. परस्पर गेलेलं इथे मनाला लागतं, तोंडावर कुणी बोलणार नाही.

आणि घरात सराव करू नका. मी छताचा दिवा फोडलाय. हातांच्या अदलाबदलीपुरती मॉपची दांडी पुरते, तीही अर्धी कापून.