दुबईत नवीन आलेल्या लातूरकराला: सुट्टीत कसं फिरायचं

भाऊ, पहिल्याच सुट्टीत बुर्ज खलिफा, मरिना, पाम सगळं उरकायला निघू नको. शहर किनाऱ्यालगत लांबच लांब पसरलंय, निम्मा दिवस मेट्रोतच जाईल. एका सुट्टीला एकच भाग धर.

सुरुवात खाडीपासून कर. मेट्रोच्या ग्रीन लाइननं अल घुबैबा स्टेशनला उतर, चालत अब्राच्या धक्क्यावर जा. अब्रा म्हणजे लाकडी होडी, भाडं 1 दिरहम. सुट्टे पैसे हातात ठेव. पलीकडं देरा. उतरलं की आधी मसाल्याचा बाजार, पुढं सोन्याचा. जुनं दुबई बघायला याहून स्वस्त वाट नाही.

नोल कार्ड, म्हणजे मेट्रो-बसचं भाडं भरायचं कार्ड, लगेच घे. बसमधून उतरतानाही टॅप करायचं, विसरलास तर जास्तीचं भाडं कापलं जातं. मेट्रोत खाणंपिणं नको, दंड बसतो.

नवख्यांच्या दोन मोठ्या चुका:

- "मे महिन्यातलं ऊन सोसलंय, इथलं काय!" आपल्याकडं हवा कोरडी, घाम वाळतो आणि अंग थंडावतं. इथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही, म्हणून 38 अंशही जड जातात. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी 12:30 ते 3 उघड्यावर काम करून घ्यायलाही सरकारची बंदी असते. उन्हाळ्यात संध्याकाळीच निघ.
- विहिरीतल्या पोहण्यावर समुद्रात उतरणं. विहिरीचं पाणी ओढत नाही. लाल झेंडा दिसला तर पाण्यात पाऊलच घालू नको. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडं झटू नको, दमशील. किनाऱ्याला समांतर पोहत राहा, ओढ सुटली की तिरपा बाहेर ये.