बीसीजीवर थिसिस करतेयस ना, मग हे वाच

अगं,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. ब्लॅडर कॅन्सरमध्ये बीसीजी (तीच क्षयाची लस, इथे नळीने थेट ब्लॅडरमध्ये सोडतात) फेल का जाते ते मार्कर, म्हणजे पेशींतल्या खुणा तपासणारे किट, लावून शोधायचं, टॉपिक झकासच आहे, पण एमसीएचची (युरॉलॉजीच्या सुपरस्पेशालिटी डिग्रीची) तीन वर्षं, त्यात इमर्जन्सी ड्युट्या, किटचे पैसे कोण देणार त्याचा पत्ता नाही, तेव्हा मार्कर राहू दे बाजूला. फेल गेली म्हणजे नक्की काय झालं एवढं नीट लिहून काढलंस तरी पुष्कळ आहे.

१९७६ साली कॅनडात किंग्स्टनला अल्वारो मोरालेस यांनी नऊ पेशंटचा पेपर छापला, तिथून हे सगळं सुरू झालं. आठवड्याला एक असे सहा डोस. सहाच का, तर तेव्हा लस सहा कुप्यांच्या पॅकमध्ये यायची म्हणून! आजही आपण सहाच देतो. मग अमेरिकेतल्या लॅम यांच्या ग्रुपची मेंटेनन्सची, म्हणजे सहा डोस झाल्यावरही अधूनमधून डोस देत राहायची, ट्रायल २००० साली छापून आली, मेंटेनन्सवाल्यांत रिकरन्सशिवायचा (कॅन्सर परत न येता गेलेला) मीडियन काळ ७६.८ महिने आणि नुसत्या सहा डोसवाल्यांत ३५.७, हे सगळे पाठ करतात. पण त्याच पेपरात हेही आहे की ठरलेले सगळे मेंटेनन्स कोर्स जेमतेम १६ टक्के लोकांनी पुरे केले. हे व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) कुणी विचारत नाही. तुझा थिसिस इथे आहे असं मला वाटतं.

आपला पेशंट बघ ना. कॅथेटरने औषध सोडतो, दोन तास लघवी धरा म्हणतो, मग सहा तास बसूनच करा आणि संडासात ब्लीच टाका म्हणून सांगतो. तो बिचारा एसटीने गावी जाणार, दर वीस मिनिटांनी लागणार, कंडक्टर कितीदा गाडी थांबवणार? चौथ्या डोसला जळजळ वाढली की तो येईनासा होतो, गावातला डॉक्टर युरिन इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक देतो आणि केस पेपर तिथेच संपतो. आता एक्सेलमध्ये त्याच्या रिकरन्सच्या रकान्यात काय भरणार? बरेच जण बिनधास्त 'नाही' भरतात, म्हणजे आला नाही तो बरा झाला! शेवटच्या सिस्टोस्कोपीची (दुर्बिणीने ब्लॅडर आतून बघतात त्याची) तारीख वेगळी ठेव आणि तिथपर्यंतच त्याला रिकरन्स-फ्री धर. आणि पहिल्याच व्हिजिटला दोन फोन नंबर घे, एक त्याचा, एक पोराचा नाहीतर सुनेचा.

पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये डिट्रुसर मसल (ब्लॅडरच्या भिंतीतला स्नायू) आलाय का ती ओळ शोध. टी-वन ट्यूमर (अस्तराखाली शिरलेला, पण स्नायूपर्यंत न पोचलेला) आणि सॅम्पलमध्ये मसलच नाही, मग तीन महिन्यांनी सापडलेला कॅन्सर परत आला की आधीच राहिला होता? तो बीसीजीच्या नावावर खपवू नकोस. दुसऱ्यांदा टीयूआर (लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून ट्यूमर खरवडणं) केली का तेही लिही.

तंबाखूला नुसतं यस-नो नको, बिड्या रोज किती, किती वर्षं, सोडली कधी. कामधंदाही विचार, 'रिटायर्ड' लिहून मोकळी होऊ नकोस. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना ब्लॅडर कॅन्सर होतो हे लुडविग रेन यांनी जर्मनीत १८९५ साली दाखवलं, तेही माणूस काय काम करतो तिकडे लक्ष गेलं म्हणूनच ना. आणि बायकांमध्ये लघवीतून पहिल्यांदा रक्त गेलं तेव्हापासून पहिल्या सिस्टोस्कोपीपर्यंत किती महिने गेले ते मोज, मधला काळ इन्फेक्शन-इन्फेक्शन करण्यात जातो आणि कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ती तपासणी) एकदाही पाठवलेलं नसतं, मला याचा फार राग येतो.

लसीचा स्ट्रेनही (जंतूचा वाण) लिहायचा. पुण्याच्या सीरमची असेल तर ती मॉस्को स्ट्रेन, बाहेरचे पेपर बरेचसे टाइस नाहीतर कॉनॉट या दुसऱ्या स्ट्रेनचे, त्यांचे आकडे सरळ आपल्या शेजारी मांडू नकोस.

एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी प्रोफॉर्मा (पेशंटची माहिती भरायचा फॉर्म) मला पाठव, आणि स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमना आत्ताच भेटून ये, डेटा गोळा झाल्यावर गेलीस तर त्या ओरडतील आणि मी त्यांच्याच बाजूने बोलेन.